तळाचा पत्रा बदलला, गाडी तीच आहे

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
तसेच व्हिंटेज वाहनांची तपासणी करणाऱ्या समितीचे सर्व सदस्य यांस,

विषय : घरी दुरुस्त केलेल्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत 'दुरुस्ती' कशाला म्हणायचं आणि 'बदल' कशाला, हे लेखी स्पष्ट करण्याबाबत.

सविनय नमस्कार.

मी कराडचा. पंचवीस वर्षं टूलरूममध्ये फिटर आहे. गेल्या चार वर्षांतले बहुतेक रविवार मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काढले, एका 1963 च्या फोक्सवॅगन बीटलच्या खाली पाठीवर झोपून. ही गाडी चिपळूणच्या एका डॉक्टरांची. त्यांनी तरुणपणी मुंबईत एका परदेशी अधिकाऱ्याकडून ती घेतली होती आणि पुढे तीस-पस्तीस वर्षं तिच्यातूनच गावोगावी पेशंट बघितले. मी लहानपणी मामाकडे चिपळूणला जायचो तेव्हा ही गाडी रस्त्याने जाताना पाहिली आहे. आम्ही पोरं तिला कासव म्हणायचो. ती यायच्या आधी तिचा आवाज यायचा, पाण्याने इंजिन थंड होणाऱ्या गाड्यांपेक्षा वेगळा, कोरडा, फडफडणारा.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा गाडी डॉक्टरांच्या अंगणातल्या शेडमध्ये होती. डॉक्टर त्याआधीच गेले होते. पाणी टपाच्या वर गेलं. आरसी बुक तेवढं माळ्यावरच्या पेटीत होतं म्हणून वाचलं. डिसेंबरात डॉक्टरीणबाईंचा निरोप आला की भंगारवाला दारात उभा आहे, तुला हवी असेल तर ने. मी टेम्पो घेऊन गेलो. कागदपत्रं रीतसर माझ्या नावावर झाली. नोंदणी डॉक्टरांनी वेळोवेळी नूतनीकरण करून चालू ठेवलेली होती, तिची मुदत आता संपते आहे. म्हणून हे पत्र.

पुराच्या एकच आठवडा आधी, 15 जुलै 2021 ला, केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले होते. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या दुचाकी आणि चारचाकी, नोंदणीची मुदत 10 वर्षं, पहिल्यांदा शुल्क 20,000 रुपये, पुन्हा नोंदणी करताना 5,000, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवायची मुभा. हे नियम वाचले तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. पन्नास वर्षं टिकलेली गाडी हा केवळ धूर ओकणारा भंगाराचा तुकडा नव्हे, असं सरकारने पहिल्यांदा कागदावर मान्य केलं होतं. पण त्याच नियमांत एक वाक्य आहे आणि माझ्यासारखे लोक त्या वाक्याशी अडखळतात. गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिची चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार होईल असं मोठं ओव्हरहॉलिंग झालेलं नसावं, असा त्याचा आशय.

मूळ स्वरूप म्हणजे काय, हे बीटलच्या बाबतीत ठरवायचं तर ती कशी बांधलेली आहे ते आधी बघावं लागतं. समितीत सगळ्यांनीच ही गाडी उघडलेली असेल असं नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

या गाडीत इंजिन थंड करायला पाणी नाही, हवा आहे. रेडिएटर नाही, वॉटर पंप नाही, होज नाही. आपल्याकडे हे समजायला अवघड जाऊ नये, कारण अख्ख्या महाराष्ट्राने बजाज चेतक चालवली आहे. चेतकचं इंजिन पत्र्याच्या काउलमध्ये झाकलेलं असतं आणि फ्लायव्हीलवरचा पंखा त्या काउलमधून सिलिंडरच्या पात्यांवर हवा मारतो. तो काउल काढून स्कूटर चालवली तर काय होतं ते कुठलाही मिस्त्री सांगेल. बीटलमध्ये तेच तत्त्व चार सिलिंडरना लावलेलं आहे. डायनॅमोच्या टोकाला मोठा पंखा, त्याच्याभोवती पत्र्याचा डबा, आणि तिथून खाली दोन्ही बाजूंच्या आडव्या सिलिंडरवर हवा नेणारे पत्र्याचे तुकडे. इंजिनच्या वरची बाजू थंड हवेची, खालची गरम हवेची, आणि दोन्हींच्या मध्ये पत्रे आणि रबरी पट्टी. ही पट्टी एका जागी फाटली तरी खालची गरम हवा वर येते, पंखा तीच पुन्हा ओढतो आणि इंजिन स्वतःच्याच उष्णतेत भाजायला लागतं. आपल्याकडच्या अनेक बीटल याच कारणाने मेल्या. कुठल्या तरी गॅरेजमध्ये इंजिन उतरवलं, बसवताना पत्र्याचे चार तुकडे 'एक्स्ट्रा' म्हणून कोपऱ्यात टाकले, आणि पुढच्या उन्हाळ्यात हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, गेलं.

आणि हेड गेलं तर बहुतेक वेळा तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरचं जातं. एक आणि दोन उजवीकडे, तीन आणि चार डावीकडे. ऑइल कूलर पंख्याच्या डब्याच्या आतच, डाव्या बाजूला उभा असतो, बरोबर तिसऱ्या सिलिंडरच्या डोक्यावर. म्हणजे त्या सिलिंडरला मिळणारी हवा कूलरमधून तापून येते. कारखान्यालाही हे ठाऊक होतं. त्यांनी डिस्ट्रिब्युटरमध्ये तिसऱ्याचा स्पार्क काही अंशांनी उशिरा ठेवला आणि पुढे 1971 च्या मॉडेलपासून कूलर डब्याच्या बाहेर काढून त्याला वेगळी हवा दिली. माझ्या गाडीचं इंजिन मी उघडलं तेव्हा तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळून नखाएवढा तुकडा उडालेला होता. पुराच्या आधीपासूनच ती गाडी तीन सिलिंडरवर चालत असणार. चारही पिस्टन गाळाने जाम होते. एकेका सिलिंडरमध्ये डिझेल ओतून बारा दिवस ठेवलं, मग लाकडी ठोकळा लावून हातोडीचे हलके टोले. चौथा पिस्टन सुटला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि आईने आतून विचारलं, काय फुटलं?

पत्र्याचे तुकडे पुराने चाळण झाले होते. ते मी स्वतः केले. जुन्याचा पुठ्ठ्यावर नमुना काढला, पत्रा कापला, लाकडी साच्यावर कडा वळवल्या, छिद्रं जुन्यावर ठेवून पाडली. एकेका तुकड्याला एकेक रविवार गेला. पंख्याच्या डब्याची थर्मोस्टॅटची यंत्रणा, जी आपल्याकडे सर्रास काढून टाकतात, ती पण मुंबईच्या एका जुन्या दुकानदाराकडून शोधून बसवली. पिस्टन-सिलिंडरचा संच ब्राझीलमध्ये बनलेला मिळाला, मूळ मापाचाच, 77 मिलिमीटर बोअर. तिकडे ही गाडी कित्येक वर्षं बनत होती, तिला ते फुस्का म्हणतात. इंजिन 1192 सीसीचं होतं, ते तेवढंच आहे. इंजिनच्या केसवरचा, म्हणजे बाहेरच्या कवचावरचा नंबर, डायनॅमोच्या स्टँडखाली ठोकलेला, आजही आरसी बुकाशी जुळतो.

आता या इंजिनचं 'मोठं ओव्हरहॉलिंग' झालं आहे का? झालं आहे. पार सुटं करून पुन्हा जोडलं आहे. ते केलं नसतं तर आज गाडीच नसती. नियमातल्या वाक्याचा हेतू ओव्हरहॉलिंग अडवण्याचा असेल असं मला वाटत नाही. त्याच्या आडून होणारा फेरफार अडवण्याचा आहे. पण वाक्य वाचणारा अधिकारी दरवेळी हेतू वाचेलच असं नाही, तो शब्द वाचतो.

इंजिनपेक्षा मोठा प्रश्न तळाचा आहे, आणि माझी मुख्य विनंती त्याच्याबद्दल आहे.

बीटलला शिडीसारखी चॅसी नसते. मधोमध पाठीच्या कण्यासारखा एक पोकळ बोगदा, समोरून मागे जाणारा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना तळाचे दोन पत्रे, उजवा आणि डावा. गिअरचा दांडा, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल, पेट्रोलची नळी हे सगळं त्या बोगद्यातून जातं. वरची बॉडी या तळावर बोल्टने कडेकडेने आवळलेली असते. ते बोल्ट काढले की बॉडी टोपीसारखी उचलता येते. आमच्या गल्लीतल्या तालमीतल्या सहा पोरांनी ती उचलून बाजूला ठेवली.

बॅटरी मागच्या सीटखाली उजव्या बाजूला असते. साठ वर्षं ॲसिडचे थेंब पडून उजव्या तळाला परातीएवढं भोक पडलं होतं, त्यावर कुणी तरी डांबर आणि गोणपाट थापून वरून रंग दिला होता. डावा तळ पुराने खाल्ला. बोगद्यातून मी दोन घमेली गाळ काढला, त्यात वाशिष्ठीचे शिंपले होते. कोकणातली, घाटमाथ्यावरची कुठलीही साठीतली बीटल घ्या, तिचे तळपत्रे मूळ असणारच नाहीत, आणि असले तर ते पाय ठेवण्याच्या लायकीचे नसतील.

मी दोन्ही तळपत्रे नवे बसवले, मूळ गाडीला होते त्याच आकाराचे, त्याच पन्हळींचे, कारखान्यात जिथे वेल्डिंग होतं त्याच कडेवर. बोगद्याला हात लावला नाही, फक्त आतून धुऊन तेल मारलं. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की चॅसी नंबर तळपत्र्यावर नसतोच. तो बोगद्यावर, मागच्या सीटखाली ठोकलेला असतो. सीट उचलली, चिंधीने पुसलं की दिसतो. दुसऱ्यांदा तोच नंबर पुढच्या डिकीतल्या पट्टीवर असतो. दोन्ही जागचे नंबर आणि आरसी बुक तिन्ही जुळले, तर त्या गाडीची ओळख बदललेली नाही, मग तळाचा पत्रा कितीही नवा असो. घराची कौलं बदलली म्हणून सातबारा बदलत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. त्यातच 'बदल' या शब्दाचा अर्थ सांगितला आहे : वाहनाच्या रचनेत केलेला असा बदल की ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्यच बदलेल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याच कलमाच्या आधारे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत असं ठामपणे सांगितलं. तो निकाल मला मान्य आहे. पण कुजलेल्या पत्र्याच्या जागी तसाच पत्रा, यात कुठलं वैशिष्ट्य बदललं?

इथपर्यंत दुरुस्ती झाली. आता जे खरोखर बदल मी केले त्यांच्याबद्दल लिहितो, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पहिल्यांदा गाडी तयार झाली ती पूर्ण मूळ स्वरूपात. सहा व्होल्टची वायरिंग, चारही चाकांना ड्रम ब्रेक, एकच मास्टर सिलिंडर, एकच ब्रेक लाइन. मला त्याचा अभिमान होता. फेब्रुवारी 2024 मध्ये एका सकाळी मी ती डॉक्टरीणबाईंना दाखवायला निघालो. शेजारी भाचा, बारावीतला. पाटण सोडलं, कोयनानगर मागे पडलं, कुंभार्ली घाट उतरायला लागलो. गाडी दुसऱ्यात होती. एका वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल तळाला टेकलं. काहीच लागलं नाही. ती जाणीव सांगता येत नाही, पायाखालची पायरी नाहीशी व्हावी तशी. दुसऱ्यांदा दाबलं, तेच. मी गाडी पहिल्यात घातली, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या अंगाला घातली आणि गटाराच्या कडेला घासत ती थांबली. भाच्याचा गुडघा डॅशबोर्डवर आपटून फुटला, बाकी काही नाही. समोरून त्याच मिनिटाला दगडाचा डंपर वर येत होता.

मागच्या डाव्या चाकाच्या व्हील सिलिंडरचं रबर फाटलं होतं. चूक माझीच. पुरात राहिलेल्या जुन्या सिलिंडरला होन मारून, म्हणजे आतून घासून, मी नवीन रबर किट टाकलं होतं, आतला एक खड्डा राहून गेला. पण त्या एका खड्ड्यामुळे चारही चाकांचे ब्रेक गेले, कारण चौघांचं तेल एकच. एका चाकाला गळती लागली की चारही चाकं मोकळी.

त्या रात्री मी ठरवलं की या गाडीत पुन्हा कुणाच्या पोराला बसवायचं तर दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवूनच. पुढच्या चाकांचं तेल वेगळं, मागच्यांचं वेगळं. एक गेलं तरी दुसरं थांबवतं. हा काही माझ्या डोक्यातून निघालेला जुगाड नाही. फोक्सवॅगनने स्वतः अमेरिकेत जाणाऱ्या 1967 च्या बीटलला दोन सर्किटचे ब्रेक दिले आणि त्याच वर्षी त्या गाड्यांची वीज सहाची बारा व्होल्ट केली. म्हणजे माझ्या गाडीच्या चारच वर्षं धाकट्या बहिणीला कारखान्यातून जे मिळालं ते मी हिला दिलं. ड्रम तेच ठेवले, चाकं तीच, पेडल तेच.

बारा व्होल्टचंही तसंच. सहा व्होल्टचा हेडलाइट पावसाळ्यात घाटात धुक्यात काय दाखवतो हे ज्याने चालवलं त्याला विचारा. समोरून येणाऱ्याला आपण दिसत नाही, ही खरी भीती. डायनॅमो, कॉइल, बल्ब बदलले. स्टार्टर सहाचाच आहे, बारावर तो फक्त अधिक जोरात फिरतो. पुढच्या दोन्ही सीटना बेल्ट लावले.

आणि पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते वापरायला माझी ना नाही, उसाच्या मुलखात राहतो. पण इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि चिरा पाडतं. बीटलची पेट्रोलची टाकी पुढे, इंजिन मागे, आणि शेवटची हातभर रबरी नळी ऐन तापलेल्या इंजिनच्या वर. जगभरात बीटल पेटल्या त्यातल्या कितीतरी या नळीने पेटल्या. म्हणून नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या आणि क्लिपा नव्या. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. पाण्याचं इंजिन ते सोसून घेतं, हवेवरचं नाही, तिथे पुन्हा तो तिसरा सिलिंडर आहेच. त्यामुळे कार्बोरेटरचा मेन जेट एक माप मोठा टाकला. पितळेचा, हरभऱ्याएवढा तुकडा. तांत्रिकदृष्ट्या हाही 'इंजिनमधला बदल'.

यातली प्रत्येक गोष्ट उलटी करता येते. काढलेला प्रत्येक भाग मी जपून ठेवला आहे. जुना मास्टर सिलिंडर, सहाचा डायनॅमो, कॉइल, जेट, जुन्या तळपत्र्यांचे कापलेले तुकडे सुद्धा. लाकडी पेटी केली आहे, प्रत्येक भागाला तेलकट कागद, त्यावर चिठ्ठी, कधी काढला, का काढला, जागी काय बसवलं.

हे कुणी सांगितलं म्हणून नाही केलं. पण नंतर वाचनात आलं की जुन्या वाहनांच्या संघटनांची जागतिक संघटना, फिवा, हिने तयार केलेल्या ट्यूरिन सनदेत जवळजवळ हेच सांगितलं आहे : नंतरच्या काळातला बदल करावाच लागला तर तो मूळ रचनेचा आणि रूपाचा मान राखणारा असावा, शक्यतो उलटा करता येण्याजोगा असावा आणि काढलेले महत्त्वाचे भाग गाडीसोबत जपावेत. जर्मनीत 1997 पासून तीस वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी 'एच' पाटी मिळते. तिथेही गाडी मूळ रूपात असावी ही अट आहेच, पण त्या त्या काळात रूढ असलेले बदल चालतात. ज्या देशात ही गाडी जन्मली तिथे हा फरक केला जातो.

आता माझ्या बाबतीत जे घडलं ते सांगतो. कुणावर ठपका ठेवायचा नाही, म्हणून जागा आणि माणसं यांची नावं लिहीत नाही. चौकशीला गेलो तेव्हा मी फोटोंची वही सोबत नेली होती, चार वर्षांची, तारखांसह. समोरच्या साहेबांनी पानं उलटली, तळपत्र्याच्या वेल्डिंगच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, ही चॅसी बदलली. मग ब्रेकच्या फोटोवर, हे मॉडिफिकेशन. अर्ज करू नका, अडकाल. बाहेर एक एजंट भेटला. तो म्हणाला, "काका, वही दाखवायला कुणी सांगितलं तुम्हाला? दोन तासांत काम करून देतो, बोनेट पण उघडायला लागणार नाही."

मी परत आलो. त्या एजंटचं वाक्य अजून डोक्यातून जात नाही. माझ्या वहीत जे आहे ते सगळं खरं आहे, आणि तेवढ्यामुळेच माझं काम अडलं. गोणपाट आणि डांबर थापून वरून रंग मारला असता तर गाडी 'मूळ स्वरूपात' ठरली असती. त्या गाडीत ब्रेक गेला असता तर पुढे काय झालं असतं ते मी कुंभार्लीत पाहिलं आहे.

माझं म्हणणं सरसकट सूट द्या असं नाही. मला स्वतःला बीटलवर होणाऱ्या मोठ्या कारागिरीबद्दल आदर आहे. 1964 मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांनी याच गाडीच्या यंत्रणेवर फायबरची मँक्स बग्गी उभी केली, ती आज स्वतः संग्रहालयातली वस्तू आहे. पण टप कापणं, तळ आखूड करणं, 1200 च्या जागी मोठं इंजिन घालणं, रुंद चाकं आणि कर्कश सायलेन्सर, हे व्हिंटेज नोंदणीत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला ते करायचं त्याने त्यासाठीच्या वेगळ्या परवानगीच्या वाटेने जावं. मला 1600 चं इंजिन स्वस्तात मिळत होतं, मी घेतलं नाही. चढाला मागच्या गाड्या हॉर्न मारतात, मारू देत.

मला हवं आहे ते एक परिपत्रक. गंजलेल्या भागाच्या जागी त्याच आकाराचा, त्याच जागेचा भाग बसवला आणि ठोकलेले नंबर शाबूत असले तर ती दुरुस्ती समजावी, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं असावं. बीटलसारख्या गाडीत तळपत्रा म्हणजे चॅसीची ओळख नव्हे, नंबर बोगद्यावर असतो, हेही लिहावं, म्हणजे तपासणारा सीट उचलून बघेल. ब्रेक, दिवे, बेल्ट, इंधनाच्या नळ्या यांतले सुरक्षेसाठीचे आणि उलटे करता येणारे बदल नोंदवायला नोंदणीसोबत एक पान जोडलेलं असावं. काय काढलं, काय बसवलं, मूळ भाग कुठे आहे, फोटो. त्या पानावर मालकाची सही घ्या, खोटं निघालं तर नोंदणी रद्द करा. इंजिनची केस तडकली, आणि या गाड्यांची मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची केस तडकते, तर त्याच जातीची दुसरी केस घालून जुना-नवा दोन्ही नंबर नोंदवण्याची सोय असावी. आज तो माणूस जुना नंबर नव्या केसवर ठोकून घेतो, हे आपल्याला माहीत असेलच.

समितीत हाताला तेल लागलेला एक तरी मिस्त्री घ्या. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात पन्नास-पन्नास वर्षं जुन्या गाड्यांवर हात चालवलेले म्हातारे अजून आहेत. पत्र्यावर टिचकी मारून ते आत पुट्टी आहे की लोखंड ते सांगतात.

शुल्काबद्दल एकच वाक्य. साध्या नूतनीकरणाच्या वाटेने जावं तर परदेशी बनावटीच्या जुन्या चारचाकीचं शुल्क 2022 मध्ये 40,000 झालं आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी 80,000. ते ठरवणं आपल्या हातात नाही याची मला कल्पना आहे, पण त्यामुळे व्हिंटेज नोंदणीची वाट बंद झाली तर माझ्यासारख्या पगारदाराला दुसरी वाट उरत नाही, एवढं लक्षात घ्यावं. मला ही गाडी रोज चालवायची नाही. नियमात म्हटलं आहे तेवढीच, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि देखभाल.

नवे ब्रेक बसवल्यावर, गेल्या वर्षी जानेवारीत, मी पुन्हा तो घाट उतरलो. भाचा हट्टाने सोबत आला. डॉक्टरीणबाई काठी टेकत अंगणात आल्या, दार उघडून डाव्या-उजव्या दोन्ही तळांवर काठीने ठोकून बघितलं आणि मग आत बसल्या. उजवीकडे पाय ठेवायला त्या वीस वर्षं घाबरायच्या, असं म्हणाल्या.

आपल्यापैकी कुणीही, कधीही, कळवून किंवा न कळवता या. शेड कृष्णाकाठच्या रस्त्याला लागून आहे. मागची सीट मी काढूनच ठेवली आहे, बोगद्यावरचा नंबर पुसून स्वच्छ केला आहे, वही आणि पेटी शेजारच्या फळीवर आहेत. पेटीत एकोणीस चिठ्ठ्या आहेत. हव्या त्या क्रमाने तपासा.

आपला नम्र,
एक फिटर, कराड